सोलणीची नखं

"हात उलटे करा गो!"

इंदूबाय शेडच्या दारात उभी राहून ओरडली, तशा आम्ही बाविसजणींनी मांडीवरची सुपं खाली ठेवली आणि हात पुढे केले. सोमवार होता. दर सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी मुकादमीण इंदूबाय आमची नखं बघायची. हातात शेवग्याची बारीक काडी असायची. नखाखाली मळ दिसला की ती काडी तिथे टोचायची आणि म्हणायची, "घराकडे जा. माती खणून ये, नायतर हात धुवन ये. काय ता एक कर."

माझ्यापाशी ती थांबली. माझा उजवा अंगठा तिने दोन बोटांत धरला आणि बाकीच्यांना दाखवला.

"हां बघा. हेका म्हणतत नख. द्वारका, तू काय खातंस गे? शिंपले?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

वेंगुर्ल्याच्या पुढे, खाडीच्या अलीकडे आमचा काजूचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन शेडी. खालच्या शेडीत फोडणी, वरच्या शेडीत सोलणी. फोडणीत भाजलेली बी यंत्राच्या पात्याखाली धरून फोडायची. टरफलातून तेल उडतं. ते काळं तेल जिथे लागेल तिथली कातडी जाळतं. फोडणीतल्या बायका हाताला राख चोळून बसत, पण राख किती पुरणार? त्यांची बोटं काळी, चिरलेली, नखं मऊ पडून कडेला सुटलेली. वरच्या शेडीत आम्ही सोलणीवाल्या. भट्टीत सुकवलेल्या गराची लाल साल काढायची. आमच्या मालकाचा हुकूम होता, अख्ख्या गराला सुरी लावायची नाही. सुरीचा ओरखडा उठला की माल खालच्या प्रतीत जातो. म्हणून सोलायचं ते नखाने. अंगठ्याच्या नखाने सालीची कड उचलायची आणि गर न मोडता ती एका ओढीत उतरवायची. नख मऊ असेल तर ते दुमडतं. फार लांब असेल तर गर फुटून दोन पाकळ्या होतात. नख बोटाच्या पुढे तांदळाच्या दाण्याएवढंच हवं, आणि घट्ट हवं.

त्या वर्षी माघात सोलणीतली एक बाई लग्न होऊन गोव्याला गेली आणि जागा रिकामी झाली. इंदूबायने सांगितलं, शिमगा झाल्यावर बघू. ज्यांना यायचंय त्यांनी एकेक ताट गर सोलून दाखवायचे. जिच्या ताटात पाकळ्या कमी, ती वर येणार.

त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत सगुणा माझ्याकडे आली. ती फोडणीत होती. वीस-बावीस वर्षांची, उंच, घाटाखालच्या कुठल्या तरी वाडीतून लग्न होऊन आलेली. तिला चार महिन्यांची मुलगी होती. आम्ही विहिरीच्या कठड्यावर भाकरी खात होतो. ती जवळ आली आणि उभीच राहिली. फोडणीतल्या बायका आमच्या शेजारी बसत नसत. तेल लागेल म्हणून आम्हीच त्यांना बसू देत नव्हतो.

"द्वारकाबाय, एक इचारू?"

"इचार गे. पैसे मागू नको म्हणजे झाला."

"तुझी नखां अशी घट कशी? काय लावतंस?"

"कित्याक? लगीन करतंस काय परत?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. ती हसली नाही. तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. तळव्यांना भेगा होत्या, अंगठ्याचं नख मधूनच उलललं होतं.

"माझ्या चेडवाच्या गालार फोड इले. मी दोनदा साबण लावन हात धुवलंय, राख लावलंय, तरी इले. आता सासू तिका माझ्याकडे देणा नाय. आंगार पाजूक घेतंय ता पण सासू धरता, मी नुसती बसतंय. हात मागे ठेवन." तिने हात खाली केले. "सोलणीत इलंय तर माका तिका घेऊक मिळात. म्हयनोभर आसा. म्हयन्यात नखां येतली काय गे?"

ती येणार होती की नाही, मला ठाऊक होतं. महिन्याभरात नख पुरतं नवं होत नाही, पण अंगठ्याचं टोक सांभाळलं तर परीक्षेपुरतं काम होतं. रात्री खोबरेल चोळायचं. राखेने भांडी घासायची ती दुसऱ्या कुणाकडून घासून घ्यायची. नख कापायचं नाही, नदीतल्या गुळगुळीत दगडावर कड घासायची, तीही एकाच दिशेने. फोडणीत असताना अंगठ्याला मेण लावलेली चिंधी गुंडाळायची. हे मला माझ्या सासूने शिकवलं होतं. ती आयुष्यभर नारळाच्या काथ्याचं काम करायची. तिची नखं मरेपर्यंत घट्ट होती.

हे मी सगुणाला सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं.

पण माझ्या घरात माझी धाकटी बहीण चंद्री येऊन राहिली होती. तिचं नवऱ्याशी पटेना म्हणून दिवाळीपासून माझ्याकडेच होती. माझा नवरा रोज जेवताना ताटाकडे बघून बोलायचा, "आज परत एक पान जास्त." चंद्री ऐकायची आणि भात कमी घ्यायची. तिला सोलणीत लावलं की ही धुसफूस थांबेल, असं मी सकाळीच मनाशी ठरवलं होतं. फोडणीतून येणारी दुसरी कुणी त्या जागेला उभी राहणार नव्हती. ही एकटीच होती. हिचे हात खराब होते, पण बोटं लांब आणि चपळ होती. ती फोडणीत कशी बसायची ते मी पाहिलं होतं. नखं आली असती तर हिने चंद्रीला सहज मागे टाकलं असतं.

"नखां घट करूची तर पयली मुळापर्यंत कापूक होयी," मी म्हटलं.

"मुळापर्यंत?"

"चेडवाचा जावळ काढलंव मा? मगे केस कसे दाट येतत? तसाच. चार-चार दिवसांनी पात्यान कापायची. दुखात, पण कापायची. आणि रात्री मिठाच्या गरम पाण्यात बोटां बुडवन बसायचा."

माझ्या शेजारची सत्यवती माझ्याकडे बघू लागली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सत्यवती आपल्या भाकरीकडे वळली. ती माझ्या बाजूला बसायची, आणि तिची सोलणी माझ्याइतकी चांगली नव्हती; अडलं की तिला मी लागायचे.

"किती दिवसांत येतली?" सगुणाने विचारलं.

"म्हयन्यात येतली."

"देव तुझा बरा करो गे बाये," ती म्हणाली आणि पळत खालच्या शेडीत गेली.

त्या रात्री मी चंद्रीचा अंगठा मांडीवर घेतला आणि त्याला तेल चोळलं. दगडावर कड कशी घासायची ते शिकवलं. दिवसाआड मी कारखान्यातून मूठभर न सोललेले गर पदरात बांधून आणायचे आणि तिला सोलायला लावायचे. सुरुवातीला तिच्या पाकळ्याच व्हायच्या. मग अख्खे निघू लागले. माझा नवरा बघत बसायचा आणि म्हणायचा, "आता काजू खाऊन दिवस काढा." पण त्याचा आवाज उतरला होता.

सगुणा मला अधूनमधून दिसायची. एकदा तिने लांबूनच हात वर करून दाखवला. बोटांची टोकं सुजलेली, नखं मुळाशी कापलेली. मी मान हलवली. म्हणजे, चाललंय ते बरोबर चाललंय.

शिमग्याच्या नंतरच्या गुरुवारी इंदूबायने दोघींना वर बोलावलं. दोन ताटं मांडली. शेडीतल्या सगळ्याजणी काम थांबवून बघत होत्या. चंद्री खाली बसली, पदर खोचला आणि सुरू झाली. सगुणाने पहिला गर उचलला. अंगठा सालीवर फिरवला. साल उचलेना. तिने बोट बदललं. मग तिसरं. मग ती बोटाच्या मांसानेच साल खरवडू लागली. गर फुटला. दुसरा फुटला. चौथा-पाचवा अख्खा निघाला, तेव्हा तिचा चेहरा उजळला. पण तो गर पांढरा नव्हता. त्यावर लाल बोट उठलं होतं.

इंदूबाय वाकली. तिने तो गर उचलून उजेडात धरला.

"रगत?"

सगुणा हात पदराला पुसू लागली. पदराला डाग पडले. इंदूबायने तिचं मनगट धरलं, बोटं उघडली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्या कोणी सांगल्यान तुका? नखां अशी कोण कापता? कोणी सांगल्यान ता सांग. ह्या शेडीतली कोण आसा?"

सत्यवतीने मान खाली घातली. सगुणाने वर बघितलं. तिची नजर ओळीवरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. माझ्या तोंडावर नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती. माझे हात मांडीवरच्या सुपात होते.

"कोणी नाय," ती म्हणाली. "मीच कापलंय."

"अक्कल नाय तुका?"

"नाय, बाय."

इंदूबायने तिचं पूर्ण ताट उकिरड्यावर ओतायला लावलं. रक्त लागलेला माल ठेवता येत नाही. चंद्रीच्या ताटात सात पाकळ्या निघाल्या. तिला दुसऱ्या दिवसापासून वर बसायला सांगितलं. सगुणा रिकामं ताट घेऊन खाली निघाली. मी माझ्या सुपातला पुढचा गर उचलला. माझं नख सालीखाली गेलं आणि साल एका ओढीत उतरली.

रविवारी मी सगुणाच्या घरी गेले. खोबरेलाची बाटली आणि मेणाचा गोळा पदरात घेतला होता. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं आणि तीनदा बदललं.

ती पडवीत खांबाला टेकून बसली होती. जुन्या लुगड्याच्या झोळीत मुलगी झोपली होती. झोळीची दोरी सगुणाने पायाच्या अंगठ्यात अडकवली होती आणि पायानेच ती झोके देत होती. हात मांडीवर उताणे पडले होते. प्रत्येक बोटाला चिंधी.

"बस," ती म्हणाली. "सासू देवळात गेलीहा."

मी बसले. बाटली पुढे ठेवली.

"ह्या रोज रात्री लाव. कापू नको आता."

"माका म्हायत आसा."

"काय म्हायत आसा?"

"कापूक नको ता." ती झोळीकडे बघत होती. "आठ दिवसांपूर्वीच कळला. व्हाळार चंद्री धुणा धुयत होती. मी तिच्या अंगठ्याक बघलंय. इचारलंय, तू काय लावतंस गो? तिना सगळा सांगल्यान. तेल, दगड, मेण. ती काय जाणता बिचारी. द्वारकाबायन शिकवल्यान म्हणान सांगल्यान."

मला वाटलं, उठून चालू लागावं.

"मगे इंदूबायसमोर माझा नाव कित्याक घेतलंस नाय?"

"घेऊन काय झाला असता? तुका काढल्यानी असती. चंद्रीक घेतल्यानी नसती. माका तरी कोण घेतला असता? माझी नखां खय होती?" ती सरळ बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तसं. "मी म्हटलंय, द्वारका घराकडे येतली. आज ना उद्या येतली. इलंस."

झोळीत मुलगी हलली. सगुणाने पायाने जोरात झोका दिला.

"माझा एक काम करतंस?"

"सांग."

"चार म्हयने तू खाली फोडणीत बस. माका तुझ्या जाग्यार बसव. इंदूबाय तुझा आयकता. तू सांगलंस, हिका मी शिकवतंय, तर ती नाय म्हणाची नाय. नखां येयपर्यंत मी सुरीन फुटलेल्या पाकळ्यांची साल काढीन. चार म्हयन्यांनी माझी नखां येतली, मगे दुसरी जागा होयत तेव्हा मी माझी बघीन. तू परत वर जा." ती थांबली. "चार म्हयन्यांत चेडू रांगूक लागतला. त्याच्या आत माका तिका एकदा नीट हातात घेऊची आसा. बाकी काय नको."

मी माझ्या हातांकडे बघितलं. चार महिने फोडणी. अंगठ्यापासून सुरुवात होते. मऊ पडतं, मग पिवळं होतं, मग कडेला सुटतं. पुन्हा पूर्वीसारखं यायला वर्ष जातं, आणि कधीकधी येतच नाही. दर सोमवारी इंदूबाय माझा अंगठा धरून सगळ्यांना दाखवायची, ते मला आठवलं. सगुणाच्या मुलीपेक्षा ते आधी आठवलं.

"घराकडे इचारून सांगतंय," मी म्हटलं.

सगुणाने माझ्याकडे बघितलं. त्या भेटीत तिने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"इचार," ती म्हणाली.

मी घरी गेले. नवऱ्याला काही विचारलं नाही. चंद्रीलाही नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या शेडीत माझ्या जागी जाऊन बसले. खालून फोडणीची यंत्रं खटखट वाजत होती. इंदूबाय आली आणि म्हणाली, "हात उलटे करा गो." मी केले.

सगुणा मला पुन्हा काही विचारायला आली नाही. विहिरीवर भेटली तर ती बाजूला सरकायची आणि मला पाणी ओढू द्यायची. दोन वर्षांनी चंद्रीचा नवरा तिला न्यायला आला, ती गेली आणि जागा पुन्हा रिकामी झाली. मी इंदूबायला सांगितलं, सगुणाला बोलवा. इंदूबायने बोलावलं. सगुणा म्हणाली, "आता नको. आता चेडू चालता." ती फोडणीतच राहिली. कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं.

गावात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी साठीला पोचले होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत संध्याकाळी सहा ते साडेसात. शिकवायला सगुणाची मुलगी यायची, संजीवनी. अंगणवाडीत नोकरी करायची, आईसारखीच उंच. पहिल्या दिवशी तिला बघून मी दारातून परत फिरणार होते, पण तिनेच आत बोलावलं. "या काकी, बसा. पाटी आहे ना?" तिला काही माहीत नव्हतं. सगुणाने कधी सांगितलंच नव्हतं.

मी इतरांपेक्षा हळू शिकत होते. पेन्सिल माझ्या बोटांत वाकडी बसायची. संजीवनी मागून यायची, माझ्या हातावर हात ठेवायची आणि अक्षर गिरवून घ्यायची. एका संध्याकाळी आम्ही 'म' गिरवत होतो. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली वासंती कुडकुडू लागली. संजीवनी उठली, तिच्याजवळ बसली, हात दुमडला आणि कोपर तिच्या कपाळाला लावून क्षणभर थांबली.

"ताप आहे गं तुला. घरी जा, गोळी घे."

बायका हसू लागल्या.

"कोपरान गो कसलो ताप बघतंस? हाताक काय झाला तुझ्या?"

"हाताला काही नाही झालं," संजीवनी पण हसली. "आमच्याकडे असाच बघतात. आई मला कधी हात लावायची नाही, कारखान्यातून आली की कोपरच लावायची. आंघोळसुद्धा आजी घालायची आणि आई लांबून पाणी ओतायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया कोपरानं ताप बघतात. पहिलीत असताना मला ताप आला तर बाईंनी कपाळावर तळवा ठेवला. मी अशी घाबरले, मोठ्यानं रडायलाच लागले. बाईंना कळेचना काय झालं ते."

सगळ्या पुन्हा हसल्या. ती स्वतःही हसत होती. आईची गमतीची आठवण सांगावी, तसंच ती सांगत होती.

मग ती माझ्याकडे परत आली. वाकून तिने माझा हात तिच्या हातात घेतला. तिचा तळवा ऊबदार होता, मऊ होता. पेन्सिल पाटीवर टेकवली, पण हात पुढे जाईना.

"सैल सोडा काकी," ती म्हणाली. "इतका घट्ट धरला तर अक्षर कसं येणार?"

मी खूप प्रयत्न केला. मला तो सैल सोडता आला नाही.